आल्यागेल्यासाठी

उल्का स्वयंपाक नेहमी अडीच माणसांचा करायची. घरात माणसं दोनच, ती आणि उन्मेष. पण वरण उतरवलं की आधी एक वाटी बाजूला निघायची, शेजारी भाताचा डाव, दोन पोळ्या, आणि वर झाकण. विदर्भातल्या वणीला तिची आई असंच करायची. आल्यागेल्यासाठी. वणीला आलागेला खरोखर यायचा, कधी पाहुणा, कधी कोळशाच्या ट्रकवरचा ओळखीचा ड्रायव्हर. कॅनडातल्या सस्काटूनमध्ये उणे तीस अंशांत दार वाजवायला कोण येणार होतं? ते झाकलेलं जेवण दुसऱ्या दिवशी उन्मेषच्या डब्यात जायचं. तो म्हणायचा, म्हणजे तुझा आलागेला मीच.

जेवणाच्या टेबलाला खुर्च्या तीन, गराज सेलमधून जुन्या आणलेल्या. हीटरच्या झडपेजवळची उबदार खुर्ची उन्मेषची, स्टोव्हजवळची तिची. खिडकीकडची पाहुण्याची. तिच्यावर बहुतेक वेळा घड्या घालायच्या कपड्यांचा ढीग असायचा.

दोघंही शहरापासून तासाभरावरच्या पोटॅशच्या खाणीत कामाला होते. पोटॅश म्हणजे शेतात खत म्हणून जाणारं गुलाबीसर मीठ; ते तिथे जमिनीखाली किलोमीटरभर खोल सापडतं. उन्मेष खाली जाऊन हवा मोजायचा, कुठल्या बोगद्यात किती वाहते, किती गरम आहे. उल्का वर नेटवर्क सांभाळायची. तो संध्याकाळी घरी यायचा तो मीठ घेऊनच. भुवयांत मीठ, कानामागे मीठ, दारातल्या काळ्या पायपुसण्यावर बुटांची पांढरी वर्तुळं. ती रोज कुरकुर करायची आणि रोज ते पायपुसणं सिंकमध्ये धुवायची. कुरकुर खोटी होती. ती वर्तुळं दिसली की तिचा जीव भांड्यात पडायचा, कारण माणूस वर आला, घरी आला, ह्याची ती पावती होती.

दोन हजार सोळाच्या डिसेंबरात खाणीत नवी व्यवस्था बसवायचं ठरलं. खाली जाणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटवर बोटभर लांबीचा बॅज लागणार होता. तो खालच्या वायफायशी बोलणार, आणि कोण कुठे आहे ते वरच्या कंट्रोल रूममध्ये पडद्यावर ठिपक्यांनी दिसणार. प्रत्येक बॅजला नेटवर्कवर स्वतःचा पत्ता हवा. पत्ता नाही तर ठिपका नाही, आणि ठिपका नाही तर पडद्याच्या लेखी माणूसच नाही. टोरोंटोच्या हेड ऑफिसने हात आखडता घेऊन खाणीला एकच पट्टा दिला होता, दोनशे छप्पन्न पत्त्यांचा, शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. त्याची वाटणी उल्काने करायची होती.

ती जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसली. ह्या वाटणीत समान भाग चालत नाहीत. पूर्वेकडच्या खोदकामावर शंभर माणसं, दक्षिणेला पन्नास, वर्कशॉपमध्ये पंचवीस-तीस. तुकडे मात्र दुपटीतच पाडता येतात: आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट, एकशे अठ्ठावीस. ज्याचा परिवार मोठा त्याला आधी वाढायचं, नाहीतर लहानांची पानं मध्येमध्ये मांडली जातात आणि मोठ्याला सलग जागा उरत नाही. शिवाय प्रत्येक तुकड्यातला पहिला आणि शेवटचा पत्ता कुणालाच द्यायचा नसतो. पहिला हे त्या तुकड्याचं नाव. शेवटचा म्हणजे हाक. त्या पत्त्यावर जे पाठवाल ते तुकड्यातल्या सगळ्यांना ऐकू जातं.

तिने एकशे अठ्ठावीस पूर्वेला दिले, चौसष्ट दक्षिणेला, बत्तीस वर्कशॉपला, सोळा संकटात आसरा घ्यायच्या खोल्यांमधल्या फोनना, आठ कंट्रोल रूमला. शेवटी आठ उरले. पहिला आणि शेवटचा सोडला तर सहा जणांपुरती जागा.

शहाणा माणूस असा उरलेला तुकडा बंद करून ठेवतो. उल्काने तो उघडा ठेवला. ती लहान असताना वणीजवळच्या खाणीत एक कंत्राटी कामगार खाली राहून गेला होता. तो कुठल्याच टोळीचा नव्हता, त्यामुळे सगळ्या टोळ्यांची मोजणी बरोबर आली आणि लोक घरी गेले. तो दुसऱ्या दिवशी सापडला. कॉलनीतल्या बायका कितीतरी दिवस त्याच्याबद्दल दबक्या आवाजात बोलत होत्या आणि पोरं आली की गप्प व्हायच्या. म्हणून तिने नियम घातला: ज्या बॅजची नोंद कुठल्याच विभागात नाही, नवा कंत्राटदार असो की तपासनीस, त्यालाही शेवटच्या तुकड्यात जागा मिळावी. तो मोजला जावा. तुकड्याला नाव द्यावं लागतं. इथे कुणाला मराठी कळणार, असं म्हणून तिने इंग्रजी अक्षरांत ‘आलागेला’ असं लिहिलं, आणि स्वतःशीच हसली.

नव्या वर्षात सुट्टीवरून कामगार परतले आणि व्यवस्था चालू झाली. सकाळी खाणीच्या लिफ्टचा पाळणा माणसं घेऊन खाली गेला आणि पडद्यावर एकेक ठिपका उमटू लागला, पूर्वेला हिरवे, दक्षिणेला निळे. कंट्रोल रूममध्ये ओरेस्ट बसायचा. साठीला टेकलेला, आजोबांच्या काळात युक्रेनहून आलेल्या शेतकरी घराण्यातला, बोलायला कमी. त्याने मान डोलावली. उल्काला वाटलं, जिंकलं.

दुपारी तिचं लक्ष गेलं तेव्हा ‘आलागेला’त एक ठिपका होता. राखाडी. नकाशात तो उत्तरेला दिसत होता.

उत्तर भाग बंद करून तीसेक वर्षं झाली होती. मीठ दिसतं दगडासारखं, पण दाबाखाली ते सरकतं. कोरलेली पोकळी हळूहळू आपली आपण मिटवून टाकतं. तिकडे जाणाऱ्या बोगद्यात एक भिंत बांधलेली होती आणि भिंतीपलीकडे एव्हाना उभं राहायला जागाही उरली नसणार. अलीकडे, भिंतीपासून थोड्या अंतरावर, वायफायची शेवटची पेटी होती.

उल्का घाबरणाऱ्यांतली नव्हती. कुणाचा तरी बॅज पडला असेल. तिने ओरेस्टला विचारलं. सगळ्यांचे बॅज जागेवर होते. मग तिने त्या ठिपक्याची जन्मखूण पाहिली. कारखान्यातून निघताना प्रत्येक यंत्राला एक क्रमांक मिळतो, तो कधी बदलत नाही. तिथे काहीच नव्हतं. रिकामी जागा. क्रमांकाशिवाय पत्ता मागताच येत नाही, पण पत्ता तर दिला गेला होता.

पेटी बिघडली असेल म्हणून ती बदलून घेतली. दुसऱ्या दिवशी ठिपके दोन झाले. मग चार. मग पाच. ती जास्तच बारकाईने पाहू लागली तेव्हा तिला आणखी एक गोष्ट कळली. सकाळची पाळी खाली उतरताना ते पत्ता मागायचे, आणि पाळी संपताना, इतर बॅज एकेक करून विझत, तेव्हा ते विझायचे नाहीत. पत्ता ठरावीक वेळेपुरताच मिळतो; ते पुन्हा मुदत वाढवून मागायचे. वर येण्यासाठी थांबलेल्या माणसांसारखे.

उन्मेषला सांगितलं तर तो हसला. म्हणाला, सॉफ्टवेअरची भुतं तुम्हा लोकांनाच दिसतात. मग म्हणाला, त्या भिंतीपाशी हवा मात्र गार लागते, दोनदा मोजली. इतक्या खोल कुठे गार लागत नाही, खाली बारा महिने नागपूरच्या फेब्रुवारीइतकं उबदार असतं. चल, तुझी तू बघ.

ती त्याच्याबरोबर खाली गेली. पाळण्यात कान दडपले. खाली सगळीकडे कोरडी ऊब होती, ओठांवर आपसूक मीठ येत होतं, आणि जीपच्या दिव्यांत भिंती कच्च्या मांसासारख्या गुलाबी दिसत होत्या. उत्तरेच्या फाट्यावर वळल्यावर ऊब एकदम संपली. जुन्या फळ्यांची आणि सिमेंटची भिंत होती, तिच्यावर मिठाचे बारीक काटे उगवलेले. पंख्यांचा आवाज इथवर येत नव्हता. आतून मधूनच कुरकुर ऐकू येत होती. उन्मेष म्हणाला, मीठ आहे ते, सरकतं.

नेटवर्कवाली माणसं एखाद्या पत्त्याला हाक मारून बघतात; पलीकडे कुणी असेल तर ओ येते, आणि ओ यायला किती वेळ लागला त्यावरून अंतराचा अंदाज बांधता येतो. उल्काने लॅपटॉप मांडीवर घेऊन शेवटच्या पत्त्यावर हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाणारी. पाच ओ आल्या. इतक्या लगेच, की मध्ये पेटी, तार, काही नसावंच. तिने लॅपटॉप अर्धवट मिटला. तिला भीती वाटली, साधी, लहानपणची.

उन्मेषला ते दिसलं असावं. तिला हसवायला म्हणून त्याने हातमोजा काढला, भिंतीवर दोनदा थाप मारली आणि दारात उभ्या माणसाशी बोलावं तसा म्हणाला, “काय मंडळी, आत बसून काय करता? या एकदा घरी जेवायला.”

आपल्याकडे कुणीही कुणालाही म्हणतं तसं. म्हणणाऱ्याला बोलवायचं नसतं आणि ऐकणाऱ्याला यायचं नसतं.

आतली कुरकुर थांबली.

जीपमध्ये परत बसेपर्यंत ती पुन्हा सुरू झाली नाही. उन्मेष हात चोळत राहिला. भिंत बर्फासारखी आहे, एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सहा जानेवारी. ओरेस्ट लवकर निघणार होता. त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे ती नाताळची आदली संध्याकाळ. पडद्याकडे पाहत त्याने पहिल्यांदाच विचारलं, ह्या राखाडी गटाचं नाव काय? उल्काने अर्थ सांगितला, घरची पद्धतही सांगितली, बाजूला काढून ठेवण्याची.

“आज आमच्याकडेही एक ताट जास्त मांडतात,” तो म्हणाला.

“पाहुण्यांसाठी?”

“पाहुणेही चालतात. पण मांडतात ते गेलेल्यांसाठी. वर्षातून एकदाच. उजाडलं की ताट उचलून ठेवायचं.” त्याने पडद्याकडे बोट केलं. “तू रोज मांडून ठेवलंयस. जागा किती आहेत?”

“सहा.”

“आणि भरल्यात पाच.”

उत्तरेला काय झालं होतं, असं तिने विचारलं. ओरेस्टने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि नुसतं सांगितलं, बंद कर तो तुकडा. पण माणसं वर आल्यावर कर. माणसं खाली असताना कुणाचीही जागा काढायची नाही.

तिला ते पटलं. दुपारी पाळी वर आली की एका ओळीची आज्ञा, आणि ‘आलागेला’ संपला. तिला हलकं वाटलं. तिने चहा केला. बाहेर ऊन होतं, इंजिन गोठू नये म्हणून गाड्यांच्या हीटरच्या वायरी खांबांना लावलेल्या होत्या आणि बर्फ डोळ्यांत खुपत होतं.

तेवढ्यात खालून फोन आला. उन्मेषचा.

“अगं, माझा बॅज डेड झाला. वर्कशॉपमधून नवीन लावलाय. दिसतोय का बघ नं.”

नवा बॅज. कुठल्याच विभागात नोंद नसलेला. तिचाच नियम.

राखाडी गटात सहावा ठिपका उमटला होता. उत्तरेला, पाचांच्या शेजारी.

“कुठे आहेस तू?”

“वर्कशॉपमध्ये. सांगितलं नं.” त्याच्यामागे फोर्कलिफ्टचा भोंगा वाजत होता, कुणीतरी हसत होतं.

तिने त्याच्या बॅजची नोंद वर्कशॉपमध्ये केली. यंत्राने ती घेतली. ठिपका हलला नाही. पुन्हा केली. ठिपका तिथेच.

आज्ञा समोर तयार होती. तुकडा पुसला तर सहाही जातील. मग उन्मेष पडद्यावर कुठेच उरणार नाही. मोजणी बरोबर येईल, आणि लोक घरी जातील.

तिचं बोट कळीवर टेकलं होतं. ओरेस्टने तिचं मनगट धरलं आणि हळूच बाजूला केलं.

“उन्मेष,” ती फोनवर म्हणाली, “वर ये. आत्ता.”

“का गं?” मग जरा वेळाने, “एसी लावला की काय कुणी? एकदम गार झालंय इथे.”

“ये म्हणतेय नं.”

आता भोंगा ऐकू येत नव्हता. कुणी हसत नव्हतं. नुसता फोन चालू होता. तिने पुन्हा त्याचं नाव घेतलं. मग पुन्हा.

“हो,” उन्मेषचा आवाज आला, “येतो.”

पाळणा वर आला तेव्हा ती दाराशीच उभी होती. माणसं बाहेर पडली, भुवया पांढऱ्या, दमलेली, एकमेकांची चेष्टा करत. उन्मेष सगळ्यांच्या शेवटी आला. तिने चारचौघांत त्याला मिठी मारली. असं ती कधी करत नसे. त्याचं जॅकेट गार होतं. ती रडली आणि मग स्वतःवरच चिडली. तो हसला. सगळं नेहमीसारखं होतं. त्याने बॅज काढून तिच्या हातात दिला, आणि तिने तिथल्या तिथे त्यातली बॅटरी उपसून काढली.

कंट्रोल रूममध्ये सगळे हिरवे-निळे ठिपके विझले होते. राखाडी सहाच्या सहा होते.

ओरेस्ट कोट घालून उभा होता. त्याने उन्मेषकडे पाहिलं, मग पडद्याकडे, मग पुन्हा उन्मेषच्या कोरड्या, काळ्या भुवयांकडे. उल्काला त्याने एवढंच सांगितलं, “घरी ने. जेवायला वाढ. आणि आता ती जागा काढू नकोस.”

गाडी तिनेच चालवली. उन्मेष खिडकीबाहेर शेतं बघत होता, पहिल्यांदा बघत असल्यासारखा, पण तसं तर बर्फ पडलं की सगळेच बघतात.

घरी आल्यावर तिने कुकर लावला, पोळ्या केल्या. हात सवयीने चालत होते. वाटी बाजूला काढली, भाताचा डाव, दोन पोळ्या, वर झाकण. तो हात धुवायला गेला होता. नळ बराच वेळ वाहत होता. तिने लॅपटॉप उघडला, ऑफिसच्या नेटवर्कला जोडला आणि त्या सहाव्या पत्त्याला एकच हाक मारली.

ओ आली. लगेच नाही. खूप लांबून यावी तशी, खूप वेळ घेऊन. पण आली.

तिने लॅपटॉप मिटला. दाराकडे पाहिलं. बर्फ वितळावं म्हणून बाहेरच्या फुटपाथवरसुद्धा मीठ टाकलेलं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचे बूट पांढरे होत होते, तिचे स्वतःचे झाले होते. पायपुसण्यावर तिच्या बुटांची दोन वर्तुळं होती. त्यांच्या शेजारी उन्मेषचे बूट ठेवले होते, आणि त्यांच्याखाली पायपुसणं कोरं काळं होतं.

तो आला. हीटरजवळच्या उबदार खुर्चीपाशी थांबला नाही. टेबलाला वळसा घालून खिडकीकडे गेला, पाहुण्याच्या खुर्चीवरचा कपड्यांचा ढीग अलगद उचलून खाली ठेवला, आणि तिथे बसला. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर. बोलावलं म्हणून आलेला माणूस वाढायची वाट बघतो तसा.

उल्का पातेल्यापाशी उभी राहिली. मग तिने झाकण उचललं, बाजूला काढलेलं ताटात घेतलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. उन्मेषच्या वाटणीचं तिने झाकून ठेवलं.